दाट धुक्यात लहान होडी: अडकलात तर काय करायचे

लहान होडीतून मासे धरायला जाणाऱ्यांना धुक्यात वाट चुकण्याचीच भीती जास्त वाटते. वाट चुकलेला माणूस बहुतेक वेळा उशिरा का होईना, परततो. जिवावर बेतते ते दुसऱ्याच कारणाने: मोठे जहाज किंवा भरधाव होडी तुम्हाला न पाहता अंगावर येते. लाकडाची किंवा फायबरची होडी रडारवर जेमतेम उमटते.

निघण्याआधी हवामानाच्या अंदाजात दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते त्याचा, आकडा बघा. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांत 2-3 अंश सेल्सिअसचाच फरक उरला असेल आणि वारा पडला असेल, तर पहाटे धुके धरणार असे समजा. तलाव-नदीवरचे असे धुके ऊन चढले की बहुधा विरते. समुद्रावरचे धुके वेगळे. कोमट, दमट हवा थंड पाण्यावर आली की ते तयार होते, वाऱ्यातही टिकते आणि दुपारपर्यंत हटेलच याचा भरवसा नसतो. काठावरूनच धुके दिसत असेल तर त्या दिवशी होडी लोटू नका.

सोबत होकायंत्र, जीपीएस, पाण्यात टिकणारा व्हीएचएफ (होड्या-जहाजांशी बोलायचा रेडिओ), भोंगा, शिट्टी आणि शक्य तितका उंच टांगलेला रडार रिफ्लेक्टर (रडारच्या लहरी परत फेकून होडी ठळक दाखवणारा) हवा. गॅसचा भोंगा ऐनवेळी संपतो, म्हणून तोंडाने फुंकायचा एक जवळ असू द्या. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान 5 पट हवा. परतीची दिशा अंशांत कागदावर लिहून घ्या. किती वाजता परतणार, हे काठावरच्या एका माणसाला सांगून निघा.

धुके येताना दिसले की गळ टाकत बसू नका. अजून दिसते आहे तोवरच ही कामे उरका: लाईफ जॅकेट घाला, इंजिनची सुरक्षा दोरी (तुम्ही पडलात तर इंजिन बंद करणारी) अंगाला अडकवा, जीपीएसवर जागा नोंदवा, आसपासच्या होड्या कुठे आहेत ते बघून ठेवा. पाण्यातल्या सगळ्या दोऱ्या आत ओढा. पंख्यात दोरी गुंतून इंजिन बंद पडले, तर समोरून येणाऱ्याच्या वाटेतून बाजूला होता येत नाही. होडीचे दिवे दिवसाही लावा. प्रखर टॉर्च मात्र पुढे रोखू नका. उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो आणि होते तेवढेही दिसेनासे होते.

होकायंत्राजवळ मोबाईल, सुरी, स्पीकर, लोखंडी गळांचा डबा यांतले काहीही ठेवू नका. बघायचे असेल तर होडी स्थिर असताना डबा हळूहळू जवळ न्या, काटा सरकताना दिसेल. 10 अंशांची चूक म्हणजे 1 किलोमीटरमागे सुमारे 175 मीटर बाजूला जाणे, आणि तेवढ्यात होडी खडकावर जाऊ शकते. क्षितिज दिसत नसले की माणूस नकळत गोल फिरतो आणि तरी सरळ चाललोय अशी त्याची खात्री असते. अशा वेळी मनाचे ऐकू नका, काट्याचे ऐका. साधा जीपीएस दिशा दाखवतो ती होडी चालत असताना. थांबलेल्या होडीत त्याचा बाण भरकटतो.

वेग किती ठेवायचा? दिसते त्याच्या निम्म्या अंतरात होडी थांबली पाहिजे. 50 मीटर दिसत असताना दोन होड्या प्रत्येकी 5 नॉट (1 नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) वेगाने समोरासमोर आल्या, तर धडकेला जेमतेम 10 सेकंद उरतात. 12 नॉटने जाणारे जहाज मिनिटात सुमारे 370 मीटर कापते आणि ते चटकन थांबत नाही.

म्हणून अधूनमधून इंजिन बंद करून कान द्या, आणि पूर्ण 2 मिनिटे द्या. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चालत्या जहाजाचा भोंगा जास्तीत जास्त 2 मिनिटांच्या अंतराने वाजतो. अर्ध्या मिनिटात इंजिन पुन्हा चालू केलेत तर तो नेमका हुकतो. इंजिनवर चालत असाल तर 4 ते 6 सेकंदांचा एक लांब भोंगा द्यायचा. इंजिन थांबवून तरंगत असाल तर दोन लांब, मध्ये 2 सेकंद सोडून. एक लांब आणि दोन आखूड हा इशारा जाळी किंवा लांब दोर पाण्यात असल्याने सहज वळू न शकणाऱ्या होडीचा. हातातल्या गळासाठी तो नाही. 12 मीटरहून लहान होडीला हेच इशारे सक्तीचे नाहीत, पण 2 मिनिटांच्या आत काहीतरी ठळक आवाज करणे सक्तीचे आहे. समोरून भोंगा ऐकू आला तर होडी जेमतेम वळवता येईल इतका वेग कमी करा, गरज पडल्यास थांबा. धुक्यात आवाजाची दिशा फसवी असते, त्यामुळे एकाच भोंग्यावरून होडी वळवू नका.

जहाजांच्या वाटेवर कधीही नांगर टाकू नका. लाटा फुटत नाहीत अशा उथळ पाण्यात सरका. तिथे मोठे जहाज येऊ शकत नाही. नांगर होडीच्या पुढच्या टोकाकडून सोडा. मागून सोडलात तर सपाट मागच्या बाजूवरून पाणी आत येते. नांगरल्यावर दर मिनिटाला 5 सेकंद घंटा, नाहीतर भांडे, भरभर बडवा. व्हीएचएफ चॅनेल 16 वर, म्हणजे संकटाच्या हाकेसाठीच्या चॅनेलवर, ठेवा. संकट आलेच तर आधी जागेचे आकडे सांगा, मग माणसे किती ते.

धुके फाटले तरी लगेच इंजिनला जोर देऊ नका. ते पट्ट्यापट्ट्यांनी विरते, आणि त्याच उघडिपीत दुसऱ्या होड्याही वेग वाढवतात.