आजी-आजोबांच्या कमरेचा एमआरआय: कॅनल अरुंद आहे का, हे कसं पाहावं

कॅनल म्हणजे मणक्यांमधून नसा जातात तो बोगदा; तो अरुंद होणं म्हणजे स्टेनोसिस. एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं 'कंबरदुखी' लिहू नका. किती चाललं की पाय भरून येतात, बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरं वाटतं का, दादरचा पूल चढताना त्रास जास्त की उतरताना, तेही लिहा. उतरताना कंबर मागे झुकते आणि कॅनल आणखी आवळतो, म्हणून स्टेनोसिसमध्ये बहुधा उतरणं जड जातं. पावलावरची नाडीही बघा. ती लागत नसेल तर दुखणं रक्तवाहिन्यांचं असू शकतं.

पेसमेकर, मेंदूतली क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा आणि त्याचं कार्ड सोबत न्या. गुडघा बदललेला असला तरी सहसा अडत नाही, पण सांगायचंच. कवळी, श्रवणयंत्र, मंगळसूत्र बाहेर काढून ठेवा.

तपासणीला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. सपाट झोपवल्यावर कंबर दुखते, माणूस हलतो आणि चित्रं पुसट येतात. म्हणून गुडघ्यांखाली उशी द्यावीच. मात्र झोपलेल्या माणसाचा कॅनल उभ्यापेक्षा मोकळा दिसतो, उशीने आणखीच. म्हणून चालण्याची तक्रार ठळक असेल, तर रिपोर्टमधल्या 'माइल्ड' शब्दावर विसंबू नका.

चित्रांचे आडवे काप मणक्यांमधल्या प्रत्येक गादीला समांतर घ्यावेत; तिरके पडले तर माप चुकतं. टी१ आणि टी२ हे एमआरआय चित्रांचे दोन प्रकार. टी२ चित्रात नसांभोवतीचं पाणी पांढरं दिसतं. आधी एल४-एल५ (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली जागा) बघा, सर्वाधिक अडचण तिथेच असते. पांढऱ्या पाण्यात नसांचे काळे ठिपके सुटे दिसले, तर जागा पुरेशी आहे. ठिपके दाटलेले पण वेगळे ओळखू येत असतील, तर मध्यम. पाणी आणि ठिपके दोन्ही हरवून सगळं करडं झालं, तर तीव्र. कॅनलमधली मागच्या बाजूची चरबीही दिसेनाशी झाली असेल, तर अतितीव्र. नसा बाहेर पडतात त्या बाजूच्या छिद्रांसाठी टी१ उभे काप बघा: नसेभोवतीची पांढरी चरबी नाहीशी झाली असेल, तर नस दबलेली असण्याची शक्यता मोठी.

नुसत्या चित्रावरून ऑपरेशन ठरवू नये. १९९० च्या एका अमेरिकी अभ्यासात कधीच कंबर-पाय न दुखलेल्या साठीपुढच्या सुमारे २१ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये स्टेनोसिस दिसला होता.

चालताना तोल जात असेल, शर्टाची बटणं लावता येत नसतील, तर मानेचाही एमआरआय करा. लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता मुंबईत केईएम, सायन किंवा नायर, जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत त्याच दिवशी न्या.