निकॉनची जुनी निक्कॉर लेन्स घेताय? या चुका टाळा

सर्वात पहिली चूक म्हणजे "माउंट तोच आहे, मग बसणारच की" असं समजून लेन्स लावायची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडतात ती जागा). मी स्वतः केलीय. सांगलीतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतनं ५० एमएम एफ २ घेतली, पुढच्या रिंगवर निक्कॉर-एच कोरलेलं, काच चकाचक, आणि त्याच संध्याकाळी मित्राच्या निकॉन डी ७५० कॅमेऱ्याला लावायला गेलो तर अर्धी फिरली आणि अडकली, मला वाटलं जुनी आहे म्हणून घट्ट असेल, अजून जोर लावला आणि कट्ट! माउंटच्या कडेला असलेली बारीक खिट्टी गेली, आणि मित्र दोन आठवडे बोलला नाही ते वेगळंच.

झालं काय, तर निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून तोच आहे, पण १९७७ ला एआय आलं (ते चॅटवालं एआय नव्हे ओ, लेन्सचं कमाल अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक जास्तीत जास्त किती मोठं होतं, ते कॅमेऱ्याच्या बॉडीला आपोआप कळवायची सिस्टीम). त्याआधीच्या लेन्सच्या अॅपर्चर रिंगची मागची कड सलग असते, ती डी ७५०, डी ६१० असल्या बॉडीच्या खिट्टीवर जाऊन आदळते. डी ३००० आणि डी ५००० सिरीजला ती खिट्टीच नाही, त्यामुळे तिथे बिनधास्त बसते, फक्त प्रकाश मोजणारं मीटर चालत नाही. जुन्या रोलवाल्या एफएम, एफई कॅमेऱ्यांची खिट्टी दुमडता येते, एफएम २ ची येत नाही, तिथे लय जण फसतात.

म्हणून पुढचं नाव वाचून ठरवू नका. त्या 'एच' चा अर्थ आत सहा काचा एवढाच. लेन्स उलटी करून रिंग बघा. मागच्या कडेला पायरीसारखी खाच आणि आकड्यांची दुसरी बारीक ओळ असेल तर एआय. वरच्या धातूच्या दोन कानांना भोकं असली तर अजून चांगली खूण. कंपनीनेही पुढे जुन्या लेन्सना नवीन रिंगा बसवून दिल्या होत्या, त्यामुळे नाव जुनं आणि रिंग एआय असंही सापडतं.

पण खाच आहे आणि दुसरी ओळ नाही, तर कुणीतरी कानस मारलेली असू शकते. कानस वाईट नाही, चुकीच्या जागी मारली तर मात्र मीटर उगाच जास्त-कमी दाखवतं, त्यामुळे घ्यायच्या आधी बॉडीवर लावून मीटर बघाच.

एआय-एस (एआयची पुढची आवृत्ती) म्हणून जास्त पैसे मागतात, त्यात सर्वात लहान अॅपर्चरचा आकडा दोन्ही ओळींत नारिंगी असतो. आजच्या डिजिटल बॉडीवर फरक शून्य, जादा देऊ नका. आणि 'सिरीज ई' (निकॉनचीच स्वस्तातली मालिका) लिहिलेली लेन्स निक्कॉर म्हणून गळ्यात मारली तर भाव पाडून मागा, लेन्स मात्र वाईट नसते.

एवढं सगळं बरोबर जुळलं तरी सांगलीत घेताय तर मोबाईलचा टॉर्च मागून मारून आत बघा. २०१९ च्या पुरात भिजलेला माल अजून फिरतोय, माझ्या हातात आलेल्या एका अस्सल एआय-एसच्या आतल्या काचेवर कृष्णेच्या गाळाची रेघ होती.