पी-३०० स्पेलर घरी लावायचाय? आधी डोकं धुवा

आमच्या मामाला एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणारा आजार) आहे, हातपाय गेले, बोलणं गेलं, डोकं मात्र पहिल्यासारखंच चालतं. न्यूरालिंकनं जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसाच्या मेंदूत चिप बसवली तेव्हापासून येणारा-जाणारा विचारतो, आपल्याकडे कधी येणार हे, पण कवटी न उघडता चालणारी जुनी पद्धत आहेच की, पी-३०० स्पेलर, म्हणजे डोक्यावर टोपी घालून मेंदूच्या सिग्नलवरून स्क्रीनवरची अक्षरं निवडायची, फारवेल आणि डॉन्चिन यांनी १९८८ सालीच मांडलेली. एक मात्र बघा, पेशंटचे डोळे नीट फिरत असतील तर अक्षरांचा तक्ता किंवा आय ट्रॅकर (नजर टिपणारा कॅमेरा) जास्त फास्ट पडतो, उगाच टोपीच्या नादी लागू नका. नजर स्क्रीनवर टिकते पण ट्रॅकर ती पकडत नाही, अशांसाठी हे. आणि फिट्सचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, कारण स्क्रीन सतत लुकलुकते.

आयडिया सोपी आहे. ६ बाय ६ च्या चौकटीत अक्षरं, कधी आडवी ओळ चमकते कधी उभी, एका फेरीत १२ वेळा, त्यातल्या २ वेळाच आपलं अक्षर उजळतं आणि ते उजळलं की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या सिग्नलमध्ये एक छोटासा उंचवटा येतो, तोच हा पी-३००. तो इतका बारीक की एका फेरीत दिसत नाही, म्हणून दहाएक फेऱ्यांची सरासरी काढायची. म्हणजे एका अक्षराला वीसेक सेकंद. पेशन्स पाहिजे.

सामान म्हणजे ८ चॅनेलचा ईईजी (मेंदूचे विजेचे सिग्नल टिपणारा) बोर्ड (ओपनबीसीआयचा सायटन बॅटरीवर चालतो, ते बरं), जेलची टोपी, लॅपटॉप आणि ओपनव्हाइब हे फुकटचं सॉफ्टवेअर.

आता टायटल का ते. आदल्या रात्री शॅम्पूनं केस धुवायचे आणि मग तेल नाही म्हणजे नाही. आमच्या आजीनं सवयीनं सकाळी मामाच्या टाळूवर खोबरेल थापलं आणि तो अख्खा दिवस वाया, टोपीतला एक इलेक्ट्रोड (सिग्नल पकडणारी चकती) धड लागेना. नाकाच्या मुळापासून कवटीच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावा, बरोबर निम्म्यावर मधला इलेक्ट्रोड, बाकीचे त्याच्या मागे, रेफरन्स (ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजतात तो इलेक्ट्रोड) कानाच्या पाळीला. बोथट सुईच्या सिरिंजनं केस बाजूला सारत जेल भरा, घाई केली की जेल केसांवरच राहतं.

चेक करायची ट्रिक: डोळे मिटायला सांगा, डोक्याच्या मागच्या इलेक्ट्रोडच्या चॅनेलवर ८ ते १२ हर्ट्झच्या लाटा उठल्या तर बहुतेक काम झालं. त्याऐवजी ५० हर्ट्झची जाड पट्टीच दिसली तर ती घरातली लाईट, लॅपटॉपचा चार्जर काढा, एअर बेडच्या पंपाची वायर टोपीपासून लांब घ्या. व्हेंटिलेटरला मात्र हात लावायचा नाही.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे सॉफ्टवेअरला पेशंटचा उंचवटा ओळखायला शिकवणं, दहाबारा अक्षरं ठरवून देऊन. पेशंटला सांगायचं की आपलं अक्षर चमकलं की मनात मोजा, एक, दोन, तीन. नुसतं बघत बसलं की लक्ष भरकटतं आणि उंचवटा बारीक होतो. अर्ध्या तासाच्या वर ताणू नका.

खरा घोळ मराठीचा आहे, ३६ घरांत आपली व्यंजनं, स्वर, काना-मात्रा-वेलांट्या मावतच नाहीत. मामानं पहिला शब्द लिहिला "पखा", आम्ही कळेना कळेना करत बसलो आणि मग पेटली की अनुस्वार ठेवायलाच विसरलोय, बिचारा घामाघूम झाला होता. तेव्हापासून पहिल्या स्क्रीनवर गरजेचे शब्दच, पाणी, पंखा, कूस बदला, खाज, सक्शन, आणि एका घरातून अक्षरांच्या दुसऱ्या स्क्रीनवर जायची सोय. घरं फार कमी करायचा मोह आवरा, आपलं घर सारखं सारखं चमकायला लागलं की मेंदूला त्याचं अप्रूप राहत नाही.

झालं की जेल लगेच कोमट पाण्यानं काढा, वाळलं की गोंद होतो, आणि मग आजीला तेलाची बाटली परत द्या.