गाडी अंगावर घालणाऱ्यांपासून फ्लॅगमनचा बचाव

रस्त्याच्या कामावर ‘थांबा’चा फलक धरणाऱ्या फ्लॅगमनला पडणाऱ्या शिव्या सहसा त्याच्यासाठी नसतात. किती वेळ आणि कशासाठी थांबायचं हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि राग काढायला समोर तोच असतो. म्हणून सुरुवात फलकापासून करा. ‘पुढे काम सुरू, थांबावे लागेल’ हा फलक रांगेच्या शेपटाच्याही मागे हवा. रांग वाढली की तोही मागे न्यायचा. नेमकं हेच विसरलं जातं. वेळ विचारली तर अंदाजापेक्षा थोडी जास्तच सांगा. पाच मिनिटं सांगून दहा लावली की भांडण ठरलेलं.

उभं राहायचं ते कडेला, लेनमध्ये नाही. पाठीमागे रोलर, कठडा किंवा चर नको. काम सुरू होण्याआधी पळायची वाट एकदा चालून बघा. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. तेव्हा वाट शोधायला वेळ मिळत नाही.

ड्रायव्हर खाली उतरला तर दोन पावलं मागे सरा आणि अंग थोडं तिरकं ठेवा. फलक काठीसारखा उगारू नका, खिडकीत वाकू नका, बॉनेटवर हात ठेवू नका. एकच वाक्य शांतपणे: “समोरून गाड्या येतायत, त्या संपल्या की सोडतो.” वाद वाढला तर वॉकीटॉकीवर सकाळीच ठरवलेला इशाऱ्याचा शब्द बोला. मोबाइल तोंडासमोर धरून शूटिंग करू नका, त्याने माणूस आणखी भडकतो. खांबावर किंवा छातीला लावलेला कॅमेरा बरा.

गाडी घुसलीच तर जाऊ द्या. अंगाने गाडी अडवणं ही बहादुरी नव्हे. आधी वॉकीटॉकीवर “गाडी घुसली, पांढरी जीप” एवढंच सांगा, म्हणजे पलीकडच्या टोकाचा फ्लॅगमन वाहतूक रोखेल आणि आतले मजूर बाजूला होतील. नंबर त्यानंतर.

मारहाण किंवा फेकाफेक झाली की त्या माणसाला लगेच फलकावरून बदला, तो “काही नाही झालं” म्हणाला तरी. हात थरथरत असताना लक्ष राहत नाही. शिफ्ट संपायच्या आत वेळ, जागा, नंबर, रंग, दिशा, बोललेले शब्द आणि साक्षीदार लिहून घ्या. फेकलेली बाटली जपून ठेवा, जखमेचा फोटो काढा, पोलिसांत तक्रार द्या. नुसत्या धमकीचीही नोंद हवी: रोजच्या वाटेवरचा ड्रायव्हर उद्या त्याच वेळी परत येतो. एकाच टोकाला नोंदी वाढू लागल्या तर तिथला माणूस काढून दुरून चालणारा सिग्नल आणि आडवा दांडा लावा.