फोनवरून आधार देताय? या चुका टाळा

नशा सोडून घरी परतलेल्या माणसाला फोन करून धीर द्यायचा, हे काम दिसतं सोपं. मी स्वयंसेवक म्हणून ते करतो आणि सगळ्यात मोठा घोळ मीच घातलाय. ब्राऊन शुगर सोडलेल्या एका पोराला मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, "३० दिवस नशा नाही, शाब्बास!" त्याचा मोबाइल गॅरेजच्या टेबलावर चार्जिंगला होता. मेसेज झळकला, मालकाने वाचला. बोलला काहीच नाही, पण दुसऱ्या दिवसापासून गल्ल्याची किल्ली पोराच्या हाती देणं बंद.

तेव्हापासून मेसेजमध्ये नशा, सेंटर, दिवसांचा आकडा, काही म्हणजे काही नाही. "चहाला येतोस का?" एवढंच. मोकळा झाला की तोच फोन करतो. ग्रुपला 'व्यसनमुक्ती मित्रमंडळ' नाव देऊन सगळ्यांचे नंबर उघडे टाकणं म्हणजे तर गावभर दवंडीच.

फोन घरातलं दुसरंच कुणी उचलतं, ही नेहमीची अडचण. अशा वेळी काय ओळख सांगायची, ते त्याच्याशी आधीच ठरवून ठेवा. तोच बोलत असला तरी पहिला प्रश्न, "आत्ता बोलता येईल का?" आणि आईने नंतर "काय म्हणाला तो?" विचारलं, तरी त्याच्या परवानगीशिवाय सांगायचं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनालाही मानसिक आजारात धरतो आणि उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन घालतो. स्वयंसेवकाने त्याहून सैल का वागावं?

"लोकांकडे लक्ष देऊ नकोस," हा सल्ला मात्र कृपा करून देऊ नका. एका पोराच्या बहिणीच्या लग्नात आहेराची पाकिटं सांभाळायला सगळ्या भावांना बसवलं, एकट्या याला सोडून. लक्ष कसं देणार नाही? आधी ऐकून घ्या. मग पुढच्या प्रसंगाची तालीम करा. आम्ही फोनवर अक्षरशः नाटक बसवतो. मी मामा होतो आणि खवचटपणे विचारतो, "काय रे गर्दुल्ल्या, सुटली का?" पहिल्या खेपेला पोरगा शिव्या देतो, दुसऱ्या खेपेला गप्प. तिसऱ्यांदा म्हणाला, "सुटतेय मामा. बसा, पाणी आणतो." पुढच्या लग्नात हेच वाक्य कामी आलं.

फोन लागला नाही की 'पुन्हा घेतली वाटतं' असं धरून चालू नका. कित्येकदा रिचार्ज संपलेलं असतं. खरंच घेतली असेल आणि त्याने सांगितलं, तर झापू नका, नाहीतर पुढच्या वेळी लपवेल. ते जिवावर बेतू शकतं, कारण काही दिवस बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरलेली असते. जुन्याच मापाने ब्राऊन शुगर घेतली तर श्वास मंदावतो. हाक मारून जाग येत नसेल, ओठ निळे पडले असतील तर १०८ ला फोन करायला सांगा. दारू एकदम सोडल्यावर झटके आले किंवा भास होऊ लागले, तरी थेट दवाखाना. तिथे आपल्या धीर देण्याचा उपयोग नाही.

रात्री-अपरात्रीसाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि टेली-मानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेची, १४४१६ त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. फक्त नाव काय ठेवायचं ते त्यालाच विचारा. आमच्या गॅरेजवाल्या पोराने १४४४६ हा नंबर 'गॅस एजन्सी' म्हणून ठेवलाय.