बडोद्यात फ्लॅटमधे फायबर घेताय? ड्रिलवाला यायच्या आधी हे करून ठेवा

मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमधे आधी फायबर, म्हणजे काचेच्या बारीक तंतूतून येणारं इंटरनेट, घेतलं, मग दांडिया बाजारात मावशीकडे, मग शेजारच्या काकांकडे. तिन्ही वेळा मी समोर उभी होते आणि तिन्ही वेळा एकच गोष्ट दिसली, बसवणारा मुलगा घाईत असतो, त्याला अजून चार घरं उरकायची असतात, त्यामुळे नेटचा डबा (राऊटर) कुठे बसणार हे तो दारात आल्यावर ठरवायला गेलात तर दाराजवळची भिंत धरतो आणि मोकळा होतो. आमच्याकडे तसंच झालं. डबा चपलांच्या कपाटावर आणि मुलीचा अभ्यास मागच्या खोलीत, मधे दोन भिंती आणि फ्रीज. महिन्याभराने परत पैसे देऊन जागा बदलावी लागली.

तर आदल्या दिवशीच घरभर फिरा. डबा घराच्या साधारण मधे, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर पाहिजे, टीव्ही युनिटच्या आत किंवा लोखंडी कपाटाच्या मागे नको, आणि जवळ प्लग पाहिजे. मग तिथपासून दारापर्यंत वायर कुठून येईल ते बघा. बऱ्याच फ्लॅटमधे टीव्हीची जुनी वायर ज्या पाईपमधून येते त्यातूनच फायबर पण ओढता येतो, भोक पाडावंच लागत नाही. पाडावं लागलं तर बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं पाडायला सांगा, आणि बाहेर वायरला खालच्या बाजूला एक झोल ठेवून मग आत घ्यायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न येता झोलातून खाली गळतं. नंतर भोक सिलिकॉनने बंद. हे नाही केलं तर पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि मग रंगाचा खर्च.

कनेक्शन बुक करताना एक प्रश्न नक्की विचारा, घरात येणारी वायर फायबरची आहे का लॅनची (कॉम्प्युटरला लावतात ती तांब्याची)? काही लोकल केबलवाले फायबर बिल्डिंगपर्यंतच आणतात, तिथे एक स्विच (नेट घराघरांत वाटणारा, विजेवर चालणारा डबा) लावतात आणि वर तुमच्याकडे साधी लॅन वायर देतात, जाहिरातीत मात्र फायबरच लिहिलेलं असतं. त्यात पार्किंगमधली लाईट गेली की तो स्विच बंद आणि तुमचं नेट पण बंद. खरं फायबर असेल तर बारीक वायर येते आणि तिच्या टोकाला बहुतेक हिरवा चौकोनी कनेक्टर असतो. कंपनीच्या एक्सचेंजकडून आलेला एकच तंतू स्प्लिटरमधे (प्रकाश वाटून देणाऱ्या छोट्या भागात) ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो, स्प्लिटरला वीज लागतच नाही. म्हणून बिल्डिंगमधे लाईट नसली तरी तुमच्या डब्याला छोटा यूपीएस दिला की नेट सहसा चालू राहतं. डब्याचा अडॅप्टर बहुतेक १२ व्होल्टचा असतो, पण त्यावर वाचून व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही जुळवूनच यूपीएस घ्या.

सोसायटीत सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, वायरी वर नेतात त्या शाफ्टची किल्ली त्यांच्याकडेच असते. आणि आपल्या गावच्या दोन गोष्टी. वायर अगाशीवरून (गच्चीवरून) आडवी नेऊ देऊ नका, उत्तरायणला १४-१५ जानेवारीला सगळं गाव वर असतं, पतंगाचा दोरा अडकला की लोक ओढतात आणि वायर तुटते. मावशीकडे पोळमधे (जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीत) खांबावरूनच यावी लागली तर निदान कठड्याच्या कडेने पाईपमधून घेतली. दुसरं, बिल्डिंगचा फायबरचा डबा पार्किंगमधे गुडघ्याएवढ्या उंचीवर नको. ऑगस्ट २०२४ मधे विश्वामित्रीचं पाणी किती घरांत शिरलं ते आपण पाहिलंय. पहिल्या मजल्याच्या वर लावायचा आग्रह धरा.

काम चालू असताना वायर कुठे काटकोनात वाकवत नाही ना बघा. आतमधे काच आहे, घट्ट वळण दिलं की प्रकाश बाहेर सांडतो. वळण निदान लिंबाएवढं गोल असू दे. डब्याच्या मागे दीड-दोन मीटर वायर गुंडाळून ठेवायला सांगा, पुढे जागा बदलली तर कामाला येते. उघड्या टोकात डोकावू नका, मुलांना पण डोकावू देऊ नका, तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण लेझर आहे.

बसवणारा मुलगा जायच्या आधी त्याच्याकडून मीटरवर सिग्नल मोजून घ्या. मायनस १५ ते मायनस २४ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं माप) मधे आला तर निश्चिंत, मायनस २७ च्या पलीकडे गेला तर नेट तुटत राहणार, तेव्हा त्याला लगेच जोड परत करायला लावा, उद्या येतो म्हणाला तर सोडू नका. आकड्याचा फोटो काढून ठेवा, पुढे तक्रार करताना हाच पुरावा. डब्यावरची पॉनची (PON) लाईट स्थिर हिरवी पाहिजे, लॉसची (LOS) लाल लाईट लागली म्हणजे प्रकाशच पोचत नाही, राऊटर बंद-चालू करून बहुतेक काही होत नाही.

स्पीड आधी लॅपटॉपला लॅन वायर लावून बघा, वायफायवर नंतर. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाईल सेकंदाला साधारण १२ एमबीनेच उतरते, ८ बिटचा १ बाईट असतो म्हणून, त्यात फसवणूक नाही. वायफायचं ५ गिगाहर्ट्झ जवळून फास्ट, भिंतीपलीकडे २.४ जास्त पोचतं. आणि प्लॅनच्या किमतीवर १८ टक्के जीएसटी धरून मगच दोन कंपन्यांची तुलना करा.

दिवाळीच्या साफसफाईत हिरवा कनेक्टर काढून पुसू नका, टोकाला धूळ बसली की सिग्नल पडतो. डबा वरून कोरड्या कपड्याने पुसा, आणि रंगकाम निघालं तर रंगाऱ्याला वायर कुठून गेलीय ते आधी दाखवून ठेवा.