तौलनिक शिक्षणाचा प्रबंध: आधी प्रश्न, मग देश

आंतरराष्ट्रीय व तौलनिक शिक्षणात एमए करताना प्रबंधाचं घोडं बहुधा शीर्षकापाशीच अडतं. ‘भारत आणि फिनलंडच्या शिक्षणपद्धतींची तुलना’ हा विषय मार्गदर्शक परत पाठवणारच, कारण त्यात नेमकं काय ताडून पाहायचं हेच ठरलेलं नाही.

मार्क ब्रे आणि मरे थॉमस या अभ्यासकांनी १९९५ मध्ये मांडलेला घन, म्हणजे तीन बाजूंनी तुलना आखायचा आराखडा, इथे कामी येतो. त्याची एक बाजू ठिकाणाच्या सात पातळ्यांची: खंड, देश, राज्य, जिल्हा, शाळा, वर्ग, व्यक्ती. दुसरी समाजगटांची, तिसरी शिक्षणाच्या पैलूंची, म्हणजे अभ्यासक्रम, निधी, अध्यापन वगैरे. तिन्हींतून एकेक उचला आणि एकाच वाक्यात प्रश्न लिहा. त्यासाठी दोन देशच हवेत असं नाही. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातली मुलं चौथीनंतर वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत जातात, बर्लिनमधली साधारणपणे सहावीनंतर. देश आणि भाषा एकच असल्याने हा फरक उठून दिसतो. पहिल्या प्रबंधाला अशी जोडी भारत–फिनलंडपेक्षा कितीतरी बरी.

मग तौलनिक शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज बेरेडे यांच्या तुलनेच्या चार पायऱ्या: वर्णन, अर्थ लावणं, शेजारी मांडणी, तुलना. विद्यार्थी तिसरी गाळतात आणि प्रबंधात दोन स्वतंत्र निबंध एकापुढे एक येतात. दोन स्तंभांचा तक्ता करा, ओळींची शीर्षकं दोन्हीकडे तीच ठेवा: शाळाप्रवेशाचं वय, टप्प्याची वर्षं, निर्णय कोण घेतं, पैसा कुठून येतो. एखादा चौकोन भरता येत नसेल, तर ती ओळ तुलनेलायक आहे का हे आधी तपासा. शालेय टप्पे जुळवताना स्थानिक नावांवर विसंबू नका, युनेस्कोचं ‘इस्केड’ वर्गीकरण वापरा.

सगळ्यात जास्त चुका आकडेवारीत होतात. ‘पिसा’ ही ओईसीडी या देशांच्या संघटनेची आंतरराष्ट्रीय पाहणी शाळेत जाणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलांची चाचणी घेते. भारतातल्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’चं मूळ सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघरी होतं, त्यात शाळेबाहेरची मुलंही येतात. म्हणून दोघांचे निकाल एका आलेखात बसवू नयेत. २००९ च्या ‘पिसा’ फेरीच्या विस्तारात भारतातून हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू एवढीच राज्यं होती, त्यावरून महाराष्ट्राबद्दल निष्कर्ष निघत नाही. २०१५ पासून ‘पिसा’ प्रत्येक विषयात विद्यार्थ्याचे दहा संभाव्य गुण, म्हणजे त्याच्या क्षमतेचे दहा सांख्यिकी अंदाज, देते. त्यांची आधीच सरासरी काढली की प्रमाणत्रुटी, म्हणजे निकालातली अनिश्चितता, खोटी लहान दिसते. विश्लेषण दहा वेळा, भारांकनासह (नमुन्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठरवून दिलेलं वजन धरून) करा आणि मगच निकाल एकत्र करा.

मुलाखती घेणार असाल तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी पहिल्या मुलाखतीआधी हवी. मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. समित्या अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवतात, तेव्हा शाळांच्या सुट्ट्या पाहून तारखा आखा. मराठीत झालेल्या मुलाखतीचा उतारा इंग्रजी प्रबंधात देताना मूळ मराठी वाक्य परिशिष्टात ठेवा. परीक्षकाला भाषांतर पडताळायचं असतं.